वडिलांचे रिटायरमेंटचे पैसे कुठे ठेवावेत? दिवाळी पाडव्याच्या आत ठरवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आमचे अण्णा ३१ जुलै २०२५ ला रिटायर झाले. शिरोली एमआयडीसीत एकाच फाउंड्रीत ३१ वर्षं काढली, शेवटी मोल्डिंगला सुपरवायझर होते. वय ५८. आई ५४ ची, तिला शुगर आहे. मी पुण्यात नोकरीला, ताई लग्न होऊन जयसिंगपूरला. घर स्वतःचं, कर्ज नाही. वीस गुंठे ऊस आहे, त्यात खर्च वजा जाता वर्षाला पंचवीस-तीस हजार सुटले तर सुटले.

पीएफचे १९ लाख २० हजार २६ ऑगस्टला खात्यावर आले. मग ग्रॅच्युइटी ४ लाख ६५ हजार आणि शिल्लक रजेचे ६५ हजार. एकूण साडेचोवीस लाख. शिवाय एका सहकारी बँकेत साडेतीन लाखांची एफडी आहे आणि गल्लीतल्या पतसंस्थेत दोन लाख. पीएफची पेन्शन महिना चार हजारांच्या आसपास बसेल. घरखर्च, औषधं, येणंजाणं, आहेर-माहेर सगळं धरून महिन्याला बावीस हजार लागतात.

अडचण अशी की अण्णांना सगळे पैसे त्या पतसंस्थेतच ठेवायचेत. साडेसात वर्षांत दामदुप्पट देतात. दसऱ्यालाच ठेवणार होते, मी कसंबसं पाडव्यापर्यंत ढकललंय. मी काही बोललो की एकच उत्तर, "त्यो आपल्या गल्लीतला मानूस हाय. पैसं घिऊन जातोय कुठं?" ते पतसंस्थेला बँकच म्हणतात. दारावर 'ठेवी सुरक्षित' असा बोर्डही आहे.

दुसरीकडे, पीएफ ज्या बँकेत जमा झाला तिथल्या साहेबांचे रोज फोन. "एफडीसारखंच आहे काका, फक्त जास्त फायद्याचं, गॅरंटीड." वर्षाला तीन लाख, पाच वर्षं भरायचे.

मला पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची योजना बरी वाटत होती, पण बँकेत विचारलं तर म्हणाले साठ पूर्ण लागतात. म्हणजे ती बाद. मग दोन वर्षं हे पैसे कुठे ठेवू? आणि अण्णांना समजावू कसं? खरं तर दुसरा प्रश्नच मोठा आहे.

हिशोबनीस:
आधी एक चूक दुरुस्त करा, नाहीतर संधी जाईल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला साठची अट आहे, पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही खातं काढता येतं. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत काढायचं आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन महिने केली. तुमचा पीएफ २६ ऑगस्टला आला, म्हणजे २६ नोव्हेंबर. ग्रॅच्युइटी नंतर आली असली तरी मोजणी पहिल्या रकमेपासूनच धरा, काउंटरवर वाद नको.

व्याज सध्या (२०२५) ८.२ टक्के आणि उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम. दर तीन महिन्यांनी व्याज मिळतं. मर्यादा ३० लाख, तुम्हाला पुरून उरते.

चिंचेची_बोटुकं:
बँकेच्या साहेबांना एकच विचारा: दुसऱ्या वर्षी हप्ता नाही भरला तर काय होईल? एफडीला दुसरा हप्ता नसतो. हा विमा आहे, आणि पगार बंद झालेल्या माणसाला वर्षाला तीन लाखांचा हप्ता विकणं ही कमाल आहे. चुकून सही झालीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. त्याला फ्री लुक म्हणतात. साहेब ते सांगणार नाहीत.

पंचगंगाकाठ:
मी तुमच्याच भागातला, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. 'ठेवी सुरक्षित' हा बोर्ड रंगवायला पेंटर लागतो, विमा लागत नाही. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, पाच लाखांपर्यंत विमा असतो. एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख, शाखा कितीही असोत. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो एकच लाख होता. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही. तिला परवाना रिझर्व्ह बँकेचा नसतो, ती सहकार खात्याकडे नोंदवलेली असते. बुडाली तर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, येतो, कर्जवसुली होईल तसे पैसे मिळतात, आणि तोवर ठेवीदार सहकार खात्याच्या जिन्यात बसतो. आमच्या घरात एकजण बसलाय, नाव लिहीत नाही.

बँक म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं लोकांनी कशी काढली असतील बघा. आता २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद आहे. तेव्हा तुमची साडेतीन लाखांची एफडी राहू द्या, फक्त त्यात भर घालून पाचच्या वर नेऊ नका.

गुंतवणूक_भाऊ:
८.२ ने काय होणार? महागाई खाऊन टाकते. निम्मे शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात टाका, दहा वर्षांनी मला धन्यवाद द्याल.

चिंचेची_बोटुकं:
भाऊ, दहा वर्षांनी त्यांचे अण्णा ६८ चे असतील. मधे एखाद्या वर्षी बाजार तीस टक्के पडला तर पैसे काढायला पहिले तेच धावतील, कारण गल्लीतला माणूस सांगेल, "म्हटलं नव्हतं?" धाग्यातला माणूस बघून सल्ला द्या की.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. ५५ चा नियम मला खरंच माहीत नव्हता. काल अण्णांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "पोस्टात कोन ठेवतंय आता?" आणि फोन आईकडे दिला.

पण आईकडून एक गोष्ट कळली, जी मला माहीत नव्हती. ताईच्या लग्नात पैसे कमी पडले होते, बँकेने कागदांसाठी दोनदा परत पाठवलं. तेव्हा या पतसंस्थेच्या मॅनेजरने एका दिवसात सत्तर हजार दिले. जामीनदार त्याने स्वतः आणून बसवला. त्यामुळे मी पतसंस्थेविरुद्ध बोललो की अण्णांना वाटतं मी त्या माणसावर शंका घेतोय. आता पंचाईत समजली, पण उपाय सुचत नाही.

हिशोबनीस:
मग माणसाबद्दल बोलूच नका. आकडे मांडा, तेही कागदावर, त्यांच्या समोर.

दामदुप्पट साडेसात वर्षांत म्हणजे सरासरी ९.७ टक्के. पोस्टात ८.२. फरक दीड टक्का. वीस लाखांवर वर्षाला तीस हजार, महिन्याला अडीच हजार. म्हणजे महिना अडीच हजारांसाठी ३१ वर्षांची कमाई विम्याशिवाय एका ठिकाणी. शिवाय दामदुप्पटीत साडेसात वर्षं हातात एक रुपया येत नाही. दर महिन्याचे बावीस हजार कुठून आणणार? हा प्रश्न त्यांना विचारा, उत्तर तुम्ही देऊ नका.

मी मांडणी अशी करेन: वीस लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, दर तिमाहीला ४१,००० म्हणजे महिन्याला साधारण १३,६६०. पाच लाख पोस्टाच्याच मासिक प्राप्ती योजनेत आईबरोबर जॉइंट, सध्या (२०२५) ७.४ टक्क्यांनी महिन्याला ३,०८३. पेन्शन चार हजार. झाले वीस हजार सातशेच्या वर. राहिलेलं उसातून. निवृत्तीच्या पैशातले उरलेले साडेचार लाख आहेत, पाचाला पन्नास हजार कमी पडतात ते बचत खात्यातून घाला. बँकेतले साडेतीन लाख हात न लावता, आजारपणासाठी.

खाकी_पिशवी:
मी पोस्टाच्या काउंटरवर बावीस वर्षं होते, आता घरी. कागदांचं सांगते. आधार, पॅन, फोटो, पोस्टाचं बचत खातं, आणि कंपनीचं पत्र. पत्रावर निवृत्तीची तारीख, किती वर्षं नोकरी केली, पैसे कोणत्या नावाखाली किती मिळाले हे सगळं हवं. नुसता रिलीव्हिंग लेटर चालत नाही. याच पत्रासाठी लोकांच्या फेऱ्या होतात, आणि दिवाळीत एचआरचा माणूस गावी जातो. या आठवड्यातच मागून घ्या. बँकेच्या स्टेटमेंटवर पैसे जमा झाल्याची तारीख दिसेल, त्याची प्रत जोडा.

या खात्यात आईचं नाव दुसरं लावा. जोडीदाराला वयाची अट नाही. तिमाहीचं व्याज बचत खात्यात आपोआप जाईल असं लिहून द्या, कारण न उचललेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही. आणि अण्णा साठचे नाहीत, म्हणून व्याजावर कर कापू नये यासाठी या वर्षी (२०२५-२६) फॉर्म १५जी द्यायचा, साठ झालेल्यांचा १५एच नाही. हा घोटाळा माझ्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा.

साडेचोवीसही घालता येतील, पण घालू नका. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज शून्य, आधी दिलेलं व्याजही मुद्दलातून वळतं करतात. एक ते दोन वर्षांत मोडलं तर दीड टक्का जातो, त्यानंतर एक टक्का.

पंचगंगाकाठ:
आणि पतसंस्थेतले दोन लाख काढायला लावू नका. ते तिथेच राहू द्या. अण्णांना त्या माणसासमोरून रोज जायचंय. "पैसे ठेवलेत की तुझ्याकडं" एवढं म्हणायला दोन लाख पुरेसे आहेत.

मूळ धागाकर्ता:
अपडेट. शनिवारी घरी जाऊन आलो. कागदावर दोन रकाने काढले, एकात पतसंस्था, दुसऱ्यात पोस्ट, आणि खाली बावीस हजार लिहून प्रश्नचिन्ह. अण्णांनी चष्मा लावून अर्धा तास बघितलं, स्वतः गुणाकार करून बघितला. शेवटी म्हणाले, "म्हंजे दामदुप्पट हुईपर्यंत मी तुझ्याकडं हात पसरायचा?" मी गप्प.

मग दोन लाख पतसंस्थेतच राहतील म्हटल्यावर चेहरा सैल झाला. ती आयडिया ज्यांची, त्यांना कोल्हापुरात माझ्याकडून एक मिसळ. बँकेच्या साहेबांना मी "दुसरा हप्ता नाही भरला तर?" असं विचारलं, तेव्हापासून फोन आलेला नाही.

कंपनीचं पत्र मिळालं, पण त्यात रजेच्या पैशांचा उल्लेख राहिलाय. वीस लाखच ठेवायचेत, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळूनच त्याच्या वर जातंय, तर हे चालेल का की पुन्हा फेरी मारावी लागेल? आणि अण्णांची एक अट आहे: छापलेलं पासबुक पाहिजे, मोबाइलवर दाखवलेलं चालणार नाही.

खाकी_पिशवी:
चालायला हरकत नाही, पण पत्र दुरुस्तच करून घ्या, काउंटरवर कोण बसलंय त्यावर असतं हे. पासबुक मिळतं. पहिल्या दिवशीच एंट्री छापून घ्या, मशीन बंद आहे म्हणाले तर हातानं लिहून शिक्का मारून मागा. आणि सकाळी लवकर जा, पाडव्यानंतरचे दोन-तीन दिवस टाळून.