अर्धशिशीवर जिलेबी-दूध, सुंठीचा लेप, नाकात तूप: कुणाला खरंच गुण आलाय का?

कृष्णाकाठ
वय ३८, कऱ्हाडजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. अर्धशिशी बारावीपासून आहे. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमचमती रेघ येते, वीसेक मिनिटांत विरते, आणि मग उजवं कानशील ठणकायला लागतं. उलट्या होतात, उजेड सोसत नाही, शेजारच्या कुकरची शिट्टीही डोक्यात घुसते. न्यूरोलॉजिस्टना दोन वर्षांपूर्वी दाखवलं होतं. एमआरआय नॉर्मल, निदान मायग्रेनचंच.

पूर्वी महिन्यातून तीन वेळा व्हायचं. दिवाळीपासून वाढलंय. वर्गात पहिलीची चाळीस पोरं असतात, तिथे आडवं पडता येत नाही. म्हणून जरा जड वाटलं की दुकानातली कॅफीनवाली गोळी घेते. आठवड्याला चार-पाच होतात.

सासूबाईंना हे बघवत नाही. सहाणेवर सुंठ उगाळून त्या स्वतःच्या हाताने कपाळाला लेप लावतात, रात्री नाकात गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब सोडतात. आणि त्यांच्या माहेरचा उपाय म्हणजे सूर्य उगवायच्या आत जिलेबी दुधात बुडवून खायची, सात दिवस. 'दुखणं सूर्याबरोबर चढतं, त्याच्या आधी खायचं.' साडेपाचला दूध तापवून मला उठवायच्या. त्या सात दिवसांत एकदाही दुखलं नाही. आठव्या दिवशी संकष्टी होती. चंद्रोदय रात्री नऊनंतर, आणि दुपारी चारला रेघ हजर.

जिलेबीने खरंच फरक पडतो का? तुपाने काही अपाय? सासूबाईंचं मन मोडायचं नाही, पण नुसत्या श्रद्धेवरही राहायचं नाही.

पाटावरवंटा
माझ्या आईचाही हाच जिलेबीचा उपाय होता, आणि मलाही बरं वाटायचं. पुढे लक्षात आलं, एरवी मी चहावर घर सोडायचे, पहिला घास अकराला. जिलेबीच्या दिवसांत पहाटेच पोटात काहीतरी जायचं. आता जिलेबी नाही, उठल्यावर तासाभरात भाकरी-दूध खाते. जेवण चुकलं की माझं डोकं धरतंच. तुझी संकष्टी मला तीच गोष्ट सांगतेय.

लेप पातळ लाव, सुकायला लागला की पुसून टाक. मी एकदा रात्रभर ठेवला आणि कपाळ भाजल्यासारखं लाल झालं.

वैद्य_सातारकर
अर्ध्या डोक्याचं दुखणं म्हणजे आमच्याकडे अर्धावभेदक. सूर्याबरोबर चढून दुपारनंतर उतरतं ते सूर्यावर्त. सासूबाई सांगतात तो सूर्याचा धागा तिथला आहे. तुमचं दुखणं चारला सुरू होतं, त्यामुळे ते सूर्यावर्तात बसत नाही.

तुपाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. सर्दी असताना, जेवल्या-जेवल्या किंवा उलट्या चालू असताना नस्य, म्हणजे नाकात थेंब सोडणं, करू नका. आणि माझ्याच शास्त्राबद्दल स्पष्ट सांगतो, 'डोकेदुखीवर रामबाण' म्हणून पुड्या घरपोच मागवू नका. २००८ साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसौषधी, म्हणजे पारा-धातू वापरून केलेली औषधं, समोर बसलेल्या वैद्याकडूनच घ्यावी.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. ताई, मला सुंठीपेक्षा तुमच्या गोळ्यांची काळजी वाटते. कॅफीन मिसळलेली गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळीनेच डोकेदुखी वाढते. साध्या पॅरासिटामॉलला ही हद्द पंधरा दिवसांची. तुमचे आठवड्याला चार-पाच म्हणजे महिन्याला सोळा-वीस. दिवाळीपासूनची वाढ इथून आलेली असू शकते. गोळ्या कशा बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारा, पहिले काही दिवस दुखणं उसळतं. ते रोज घ्यायचं प्रतिबंधक औषधही देऊ शकतात.

दुसरं, रेघ दिसते म्हणता. पाळीसाठी किंवा गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेनची गोळी चालू असेल तर ते लगेच सांगा. रेघेच्या मायग्रेनमध्ये तिने पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि एकाएकी, आयुष्यात कधी झाली नाही इतकी डोकेदुखी, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, ताप येऊन मान ताठणं, यातलं काही दिसलं तर लेप-बीप न करता थेट दवाखाना.

सुंठीला मी नावं ठेवत नाही. २०१४ साली इराणमध्ये शंभर रुग्णांवर चाचणी झाली, पोटातून घेतलेल्या सुंठीच्या पुडीने दोन तासांत सुमाट्रिप्टान या मायग्रेनवरच्या औषधाच्या जवळपास आराम पडला. पण त्यात रेघ दिसणारे रुग्ण नव्हते, आणि एका चाचणीवर मी गोळी सोडून सुंठ घ्या म्हणणार नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचं वाचून कॅलेंडर काढलं. रिकाम्या पाकिटांवरून मोजलं, जूनमध्ये एकोणीस दिवस गोळी झाली. हा आकडा मी कुणाला सांगितला नव्हता, स्वतःलाही नाही. इस्ट्रोजेनची गोळी चालू नाही. मंगळवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली आहे, कॅलेंडर घेऊन जाते.

पाटावरवंटाचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मग पुढच्या संकष्टीला सकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध, दुपारी केळं. उपाशीपोटी शाळेला नाही जायचं.' आज सकाळी सहाण मात्र धुऊन उन्हात ठेवलेली दिसली. लेप मीच सांगितलाय लावायला, त्यांचा गार हात कपाळावर असला की मला बरं वाटतं.