मदत हवी आहे : ५५ इंची की ६५? (आईचा दिवाण टीव्हीला तिरका आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या २०१३ सालच्या ३२ इंची टीव्हीवर उभ्या रेघा यायला लागल्यात. दुरुस्तीवाला बघून म्हणाला, "पॅनेल गेलं, यात पैसे घालू नका." म्हणजे नवीन घेणं आलंच. त्यात ३२ इंचाच्या वरच्या टीव्हींचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा घरात आता लहान टीव्हीचं नाव कोणी काढत नाही. बजेट ७० हजार, फारच पटलं तर ८०.

सोफा ते भिंत अंतर साडेआठ फूट. गॅलरीचं दार बरोबर टीव्हीसमोर, त्यामुळे दुपारी सगळा उजेड पडद्यावर. सोफ्यावर मी आणि बायको. आईचा दिवाण मात्र बाजूच्या भिंतीला, तिथून ती टीव्ही बराच तिरका बघते. आणि खरं सांगायचं तर टीव्ही तिचाच आहे. दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या, सगळं डिशवर आणि एसडीमध्ये (एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्र). मला क्रिकेटपुरता लागतो. चिरंजीवांना गेमिंग कन्सोल लावायचाय, म्हणून त्यांचा '१२० हर्ट्झ, १२० हर्ट्झ' (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा) असा जप चालू आहे.

रविवारी जुने पेपर चिकटवून दोन्ही मापं भिंतीवर लावून पाहिली. ५५ इंची साधारण १२२ बाय ६८ सेंटीमीटर, ६५ इंची १४४ बाय ८१. ६५ चा कागद लावल्यावर देवघराच्या कपाटाचं दार अर्धंच उघडलं. आईने काही न बोलता ते दोनदा उघडझाप करून दाखवलं. पण अंतर म्हणजे पडद्याच्या कर्णाच्या दीडपट-पावणेदोनपट, हे सूत्र लावलं तर आमच्या साडेआठ फुटांना ६५ च बसतो, आणि मुलाने ते लगेच मोबाईलवर गणित करून सिद्ध केलं.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. दुकानात सगळ्या टीव्हींवर तेच, समुद्र आणि रंगीत पोपट. तिथे सगळेच टीव्ही सुंदर. "जरा बातम्यांचं चॅनल लावता का?" म्हटलं, तर सेल्समन माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी रेडिओ मागितला. शेवटी माझ्याच मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन यूट्यूबवर एका बातम्यांच्या वाहिनीचं थेट प्रक्षेपण कमी क्वालिटीवर लावलं. समोरून ठीक होतं. मग दिवाणाच्या अंदाजाने पाच पावलं बाजूला सरकलो, तर निवेदकाचा काळा कोट राखाडी झाला. शेजारच्या टीव्हीवर तसं झालं नाही, पण त्याचा काळा समोरूनही फिकाच होता. पहिला व्हीए पॅनेलचा, दुसरा आयपीएसचा (एलसीडी पडद्याचे हे दोन प्रकार), एवढं नंतर शोधून कळलं. सेल्समनच्या मते दोन्ही 'फोरकेच' होते.

तर जाणकारांनी सांगावं :

१. एसडी म्हणजे ५७६ ओळींचं चित्र, ते फोरकेच्या २१६० ओळींवर ताणलं की ६५ इंचावर तोंडं मेणाची दिसतात का? ज्यांच्या घरी डिशवर एसडी वाहिन्या चालतात त्यांचा अनुभव हवा आहे, यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून झालेत.

२. तिरकं बघणारं माणूस घरात असेल तर आयपीएसच घ्यावा का? एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ मध्ये पॅनेल वेगळं असू शकतं म्हणे. मग खरेदीआधी ते ओळखायचं कसं?

३. मेहुणा ओलेड (ज्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) घे म्हणतोय. बाजूने छान दिसतो, काळा अगदी काळा, मान्य. पण बजेटबाहेर जातोय, आणि बातम्यांचा लोगो आणि खालची पट्टी रोज तासन् तास एकाच जागी राहणार. त्याचा डाग पडद्यावर कायमचा राहिल्याचं कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? शिवाय दुपारचा उजेड आहेच.

४. आवाज. पातळ टीव्हींचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला. आईला संवाद स्पष्ट ऐकू यायला हवेत, धडधड नको. साउंडबार घेतला तर टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने त्याच्यापर्यंत न्यायला नवीन ईएआरसी लागतंच की जुनं साधं एआरसी पुरतं?

'मालिकांसाठी एवढा खर्च कशाला' असं लिहिणार असाल तर ते बायको आधीच म्हणाली आहे. ब्रँड सुचवताना तुमच्या गावात सर्व्हिस कशी मिळाली तेही लिहा.

पेपर अजून भिंतीवरच आहेत. आई म्हणते, निर्णय होईपर्यंत काढू नका, दार उघडतंय का ते रोज बघते.