मदत हवी आहे: कोळ्याच्या पोटातला डीएनए काढला, तर सगळे सिक्वेन्स कोळ्याचेच!

खाचरकर:
तातडीची मदत हवी आहे. भातशेतातल्या लांडगा कोळ्यांनी काय खाल्लं ते डीएनएवरून काढतोय. डीएनए निघतो, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) होतो, जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) ठळक पट्टा दिसतो. पण सिक्वेन्सिंग (डीएनएचा अक्षरक्रम वाचणं) करून आलं की जवळपास सगळं कोळ्याचंच. किट बदलून पाहिलं, तेच. पुढच्या आठवड्यात प्रगती अहवाल द्यायचाय. काय बदलू तेवढं सांगा.

पिपेट:
प्रायमर, म्हणजे डीएनएचा कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारा धागा, कुठला? आख्खा कोळी घेता की नुसतं पोट? पकडल्यावर कशात ठेवता?

खाचरकर:
प्रायमर नेहमीचाच, सीओआय जनुकाचा. आख्खा कोळी. ९५ टक्के अल्कोहोल, उणे २० अंश. ते सगळं व्यवस्थित आहे हो.

पिपेट:
नेहमीचा म्हणजे फोल्मर या संशोधकांचा १९९४ चा ना? मग कारण तिथेच आहे. तो जवळपास कुठल्याही अपृष्ठवंशीय प्राण्याच्या डीएनएला चिकटतो, कोळ्याच्याही. तुमच्या नळीत कोळ्याचा डीएनए भरपूर आणि धडधाकट, भक्ष्याचा अगदी थोडा आणि पचून तुकडे झालेला. त्यातून ७१० बेसजोड्यांचा सलग तुकडा शाबूत मिळणार कुठून? शंभर ते तीनशेचा तुकडा देणारे प्रायमर घ्या. कोळ्याचा डीएनए टाळून भक्ष्याचा उचलणारा नोस्पाय२ प्रायमर २०२० मध्ये आलाय, तो बघा.

रानवाटा:
या प्रयोगशाळेच्या नादात मुलं शेतात जायचीच बंद झालीत. रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसा. कोळी चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर दबा धरून असतो. काय पकडतो ते डोळ्यांनी दिसतं. मी वर्षानुवर्षं तसंच बघत आलोय.

पिपेट:
बघा की, पण दिसतं ते मोठं भक्ष्य, कारण ते बराच वेळ तोंडात असतं. तुडतुड्याचं पिल्लू क्षणात संपतं. आणि कोळी चावून गिळत नाही. पाचक रस ओतून भक्ष्य विरघळवतो आणि रस शोषतो. पोट फाडलं तरी पाय-पंख सापडत नाहीत. म्हणूनच डीएनए लागतो.

रानवाटा:
डीएनएवरून कोळ्याने जिवंत तुडतुडा मारला की मेलेला उचलला, ते सांगाल का?

पिपेट:
नाही सांगता येणार. किती खाल्ले तेही नाही. मान्य.

सईची_आई:
मुलाच्या मानेवर कोळी फिरला, तिथे फोड आलेत. काय लावू?

अष्टपाद:
सईची_आई, घरी काही लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कोळी अंगावरून नुसता फिरल्याने फोड येत नाहीत, बहुतेक वेळा कारण वेगळंच निघतं.

बांधावरून:
शेतकरी म्हणून विचारतो. मागे आमचं भात निसवताना तपकिरी तुडतुड्याने जागोजागी गोल करपलं. फवारलं. तुडतुडे परत आले, कोळी काही आले नाहीत. तुम्हाला नक्की शोधायचंय काय? कोळी तुडतुडे खातो का, एवढंच?

खाचरकर:
हो, तेच तर.

पिपेट:
अहो, मग हे पहिल्या ओळीत हवं होतं! एकाच किडीचा प्रश्न असेल तर सिक्वेन्सिंग कशाला? फक्त तपकिरी तुडतुड्याचा छोटा तुकडा वाढवणारा प्रायमर घ्या. जेलवर पट्टा आला तर खाल्लाय. आधी तो हिरव्या आणि पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांवर तपासा, तिथे पट्टा यायला नको. काही कोळी उपाशी ठेवा, काहींना मोजून तुडतुडे घाला आणि ठरावीक तासांनी गोठवा. खाल्ल्यावर किती वेळ डीएनए सापडतो ते कळल्याशिवाय शेतातल्या आकड्यांना अर्थ नाही.

अष्टपाद:
पिपेट, एवढं सोपं नाही ते. भातात मिरिड ढेकूण असतो, तो तुडतुड्याची अंडी शोषतो. कोळ्याने तो ढेकूण खाल्ला तरी तुडतुड्याचा पट्टा येऊ शकतो. त्या ढेकणाचा प्रायमरही सोबत चालवा. खाचरकर, कोळी पकडता कसे?

खाचरकर:
जाळी फिरवून. जाळीतलं सगळं एका बाटलीत, मग प्रयोगशाळेत वेगळं करतो.

अष्टपाद:
मग त्या नमुन्यांवर विसंबू नका. जाळीत तुडतुडे चिरडतात, त्यांचा रस कोळ्याच्या अंगाला लागतो. शिवाय कोंडलेला कोळी तिथेच खायला लागतो.

पिपेट:
अंगाला लागलेलं पातळ ब्लीचने धुऊन जातं. सगळे नमुने फेकायची गरज नाही.

अष्टपाद:
अंगावरचं जाईल. बाटलीत बसून जे खाल्लं ते कसं धुणार?

खाचरकर:
म्हणजे पुन्हा शेतात? भात निसवतंय, हातात थोडेच दिवस आहेत.

अष्टपाद:
म्हणूनच उद्याच जा. एक कोळी, एक नळी, लगेच बर्फात. पोटाखाली अंड्यांची पिशवी किंवा पाठीवर पिल्लं असलेल्या माद्या वेगळ्या नोंदवा. नळीत चिठ्ठी टाकाल ती पेन्सिलीने लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते.

बांधावरून:
आमच्या खाचरात कोळी हवे असतील तर या. यंदा फवारलेलं नाही.