संरोध ‘जुळणे’ म्हणजे नक्की काय? (डॅक, अ‍ॅम्प आणि आमचे साडू)

सातरस्ता:
सोलापुरात आमचा पाच-सहा जणांचा कंपू आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि चांगल्या सिस्टिमवर गाणी ऐकायची. नव्या मंडळींसाठी मी दोन पानी टिपण लिहायला घेतलं: अ‍ॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा वीज-संकेत करणारा डबा), स्पीकर एकमेकांना धरून कसे निवडावेत. त्यात एक वाक्य होतं, “स्रोत आणि विवर्धक यांचे संरोध जुळले पाहिजेत.” इथं स्रोत म्हणजे डॅक, विवर्धक म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आणि संरोध म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात तो. इंग्रजीवाले इम्पीडन्स मॅचिंग म्हणतात, ‘संरोध’ विश्वकोशी शब्द, ‘जुळणे’ तर घरचंच.

ते साडूंनी वाचलं. त्यांच्या डॅकच्या कागदावर आउटपुट १०० ओहम, नव्या अ‍ॅम्पच्या कागदावर इनपुट ४७ किलोओहम. “कुठं शंभर, कुठं सत्तेचाळीस हजार! तुमच्याच टिपणाप्रमाणं हे जुळत नाही.” दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प खोक्यात भरून दुकानात परत. हे आकडे असेच असायला हवेत, हे मला माहीत होतं. वाक्यात मात्र ते उतरलं नाही. मग इथं शब्द कोणता वापरायचा? जुळणे, जमणे, मेळ, जोड?

कर्णेवाला:
शब्द राहू द्या, वाक्यच उलटं आहे तुमचं. डॅकनं दोन व्होल्ट द्यायचे आणि अ‍ॅम्पनं ते न खाता नुसते बघायचे, एवढंच काम. त्यासाठी घेणाऱ्याचा आकडा देणाऱ्याच्या दहापट तरी हवा. साडूंकडं ४७० पट होता, म्हणजे झकास. दोन्हीकडं ४७ हजार केलं असतं तर निम्मे व्होल्ट डॅकच्याच पोटात राहिले असते. सहा डेसिबल गेले ना! समान संरोधाचं हे खूळ टेलिफोनच्या ६०० ओहमच्या लाइनींपासून चालत आलंय.

खरं मॅचिंग आमच्या लाउडस्पीकरच्या धंद्यात. गड्ड्याच्या यात्रेत १०० व्होल्टची लाइन ओढायचो, दर कर्ण्यामागं एक ट्रान्सफॉर्मरची डबी. २० वॅटच्या टॅपवर (डबीवरच्या खुंटीवर) लावली की लाइनीला तो कर्णा ५०० ओहमचा दिसणार. सगळ्या कर्ण्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवायची, झालं. त्या डबीलाच आम्ही ‘मॅचिंग’ म्हणायचो. “मॅचिंग जळलं बे, दुसरं दे!” आणि अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द फक्त बिलावर. तोंडात ‘मशीन’च. विवर्धक तर आज पहिल्यांदा ऐकला.

नव्यापेठेतली:
आमच्याकडे मॅचिंग म्हणजे ब्लाउजपीस. मॅचिंग सेंटरमध्ये साडी काउंटरवर पसरायची आणि त्याच रंगाचा कपडा मिळेपर्यंत दुकानदाराचा जीव खायचा. साडूंचं काहीच चुकलं नाही. मॅचिंग म्हटल्यावर सारखंच डोळ्यासमोर येणार.

निवृत्त मास्तर:
ताईंनी नेमकं सांगितलं. ‘जुळणे’ या शब्दाच्या मुळाशी ‘युगल’ आहे. युगल, मग प्राकृतात जुअल, मग आपलं जुवळ, जुळं. म्हणजे दोन सारखे. जिथे सारखेपणा नाही, उलट मुद्दाम विषमता ठेवायची आहे, तिथे ‘जुळणे’ व्युत्पत्तीलाच धरून नाही. ‘अनुरूप’ म्हणा. संरोध अनुरूप असावेत.

ताणाबाणा:
अनुरूप हे वधू-वर सूचक मंडळात ठीक आहे मास्तर. आणि तिथलंच सांगतो, पत्रिका ‘जुळते’ म्हणजे दोन पत्रिका सारख्या असतात का? ३६ पैकी १८ गुण आले तरी जुळली म्हणतात. आणि दोघांची नाडी एक निघाली की भटजी मान हलवतो, एकनाड आहे, जमायचं नाही. म्हणजे जुळायला वेगळेपणच लागतं. व्युत्पत्ती काही म्हणो, बोलणाऱ्यांनी हा शब्द कधीच पुढं नेलाय.

आमच्या घरी तेलुगूत जोडीला ‘जोडु’ म्हणतात, गल्लीतले कन्नडवालेही ‘जोडु’च म्हणतात. वडील मागावर होते. चादरीत ताण्याचं सूत आणि बाण्याचं सूत एका नंबरचं नसायचं, तरी “जोड बसली” म्हणायचे. माझं मत ‘जोड’ला.

तंबोरी:
वाद्याच्या बाबतीत ‘मिळवणे’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. तबला स्वरात मिळवतात, तंबोरे मिळवतात. आणि मला वाटतं मूळ प्रश्नात संरोधापेक्षा लेव्हल, म्हणजे किती व्होल्ट येतात ते, महत्त्वाची आहे. माझ्या डॅकच्या बॅलन्स्ड (तीन तारांच्या) जोडणीतून ४ व्होल्ट बाहेर येतात, साध्या आरसीए जोडणीतून २. अ‍ॅम्प दीड व्होल्टातच पूर्ण ताकदीला पोचतो. परिणाम असा की व्हॉल्यूमचं गोल बटण घड्याळातल्या आठ वाजल्याच्या पुढं नेताच येत नाही, आणि बटणाच्या त्या टोकाला डावं-उजवं नीट सारखं राहत नाही. दोन व्होल्टवर आणल्यापासून सुख आहे. याला मी ‘स्त्रोत अ‍ॅम्पशी मिळवून घेतला’ असंच म्हणते.

निवृत्त मास्तर:
‘स्त्रोत’ नव्हे, स्रोत. स्रु म्हणजे वाहणे. त्या ‘स्र’मध्ये ‘त’ कुठून आला? वर्तमानपत्रांनी ही घाण केली आहे.

तंबोरी:
मोबाइलचा कीबोर्ड तसं सुचवतो हो. बाकी मुद्द्याबद्दल काही?

नव्यापेठेतली:
‘घाण’ जरा जास्त होतंय मास्तर. अर्धं सोलापूर स्त्रोत लिहितं.

निवृत्त मास्तर:
अर्धं सोलापूर आपलं नाव सोळा गावांवरून पडलं असंही सांगतं. शिलालेखात ‘सोन्नलगे’ आहे.

सातरस्ता:
सोन्नलगेवर वेगळा धागा काढा ना, मी येतो. एक मात्र सांगायचं राहिलं. स्पीकरच्या बाजूचा प्रश्न तर अजून शिल्लक आहे. अ‍ॅम्पच्या पाठीवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं, तो अ‍ॅम्पचा स्वतःचा संरोध असं लोक समजतात. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचा स्वतःचा बहुधा ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. तो आठचा आकडा म्हणजे केवढा स्पीकर लावला तर चालेल, एवढंच. ४ ओहमचा लावला की करंट दुप्पट मागतो, आणि तिथं स्वस्तातल्या मशीनी तापून बंद पडतात. इथंही ‘जुळतो’ लिहायचं?

कर्णेवाला:
आमच्यात म्हणतात ‘पेलतो’. ही मशीन चार ओहम पेलते, ती नाही पेलत. लहान मशीनवर मोठा बॉक्स लावला तर ‘झेपत नाही’. लिहून टाका. (व्हॉल्व्हच्या मशीनीला ४, ८, १६ अशा वेगळ्या खुंट्या असतात, तिथं स्पीकरप्रमाणं खुंटी निवडावीच लागते. तेवढ्यापुरतं तुमचं ‘जुळणे’ राहू द्या.)

तंबोरी:
‘पेलणे’ सुंदर आहे. पण डॅकला नाही लागू होत. ४७ हजार ओहममध्ये पेलायचं काय?

ताणाबाणा:
तिथं ‘मानवतो’ म्हणा. हवा मानवते, तसा डॅक अ‍ॅम्पला मानवतो.

निवृत्त मास्तर:
यंत्राला हवा मानवते! तांत्रिक टिपणात असलं चालणार नाही. पारिभाषिक शब्दाला एकच अर्थ असावा.

ताणाबाणा:
मग साडूंनी एकच अर्थ घेतला तेव्हाच अ‍ॅम्प परत गेला ना मास्तर.

सातरस्ता:
काल साडूंना फोनवर दहापटीचा नियम सांगितला. ते म्हणाले, “मग असं लिहायचं ना की शंभराला हजाराच्या वर काहीही चालतं. जुळणे कशाला मध्ये आणलं?” टिपणात आता तेच वाक्य टाकतोय, पण मथळ्याला शब्द हवाच आहे.

निवृत्त मास्तर:
मथळ्यावरून आठवलं, आपल्याकडच्या नव्या वसाहतीला ‘जुळे सोलापूर’ हे नाव कुणी ठेवलं असेल? तिथे तरी ‘जुळे’ बरोबर आहे, मूळ गावाचं जुळं भावंड.

नव्यापेठेतली:
जुळं? रस्ते बघा त्यांचे आणि आमचे. सावत्र म्हणा.

ताणाबाणा:
साडू तिकडंच राहतात का हो?

सातरस्ता:
हो, विजापूर रोडच्या आतल्या बाजूला.

कर्णेवाला:
ते असू दे. तो परत गेलेला अ‍ॅम्प अजून दुकानात आहे का? कितीला देतात जरा विचारून कळवा.