किंग्डा का गेला : तुमचा अनुभव लिहा

जर्सीवाला (धागा सुरू करताना)

28 फेब्रुवारी 2025 ला सकाळी न्यू जर्सीतल्या जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या करमणूक पार्कमधल्या किंग्डा का या रोलर कोस्टरचा मनोरा स्फोटकं लावून पाडला. उंची 456 फूट, म्हणजे 139 मीटर. 21 मे 2005 ला सुरू झाला तेव्हा जगातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात वेगवान रोलर कोस्टर हाच होता. वेगाचा मान 2010 मध्ये अबूधाबीच्या फॉर्म्युला रोसाने नेला, पण उंचीत पाडेपर्यंत कोणी त्याच्या पुढे गेलं नाही.

शेवटची फेरी 10 नोव्हेंबर 2024 ला झाली आणि तो कायमचा बंद झाल्याचं कळलं 14 तारखेला. कोस्टरवेड्यांत कुजबुज होती, पण छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांची शेवटची फेरी शेवटची आहे हे न कळताच होऊन गेली.

जर्सीतल्या मराठी घरी देशातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असायचा. स्वातंत्र्यदेवी, नायगारा, ब्रिजवॉटरचा बालाजी, आणि बरोबर कॉलेजातलं पोर असलं तर किंग्डा का. तेव्हा आठवणी असणारच. बसलेल्यांनी लिहा, रांगेतून माघारी फिरलेल्यांनी लिहा, खाली पिशव्या सांभाळलेल्यांनी तर जरूर लिहा. आणि रोलबॅक, म्हणजे गाडी माथा न ओलांडताच मागे येणं, मिळालेलं कोणी असेल तर त्याला माझा आधीच नमस्कार.

हॅरिसनचा जुना भाडेकरू

आम्ही एका अपार्टमेंटमध्ये पाच जण राहायचो. एकाकडे गाडी होती, पेट्रोलचे पैसे सगळे मिळून काढायचो. पहिल्यांदा गेलो ते 2005 च्या उन्हाळ्याच्या शेवटी. जूनमध्ये बंद पडलेला कोस्टर दुरुस्त होऊन ऑगस्टात नुकताच परत सुरू झाला होता. रांग एवढी, की रांगेतच आमचं पुढच्या सेमिस्टरला कोणते कोर्स घ्यायचे ते ठरलं.

लोक उंचीचं बोलतात. माझ्या लक्षात राहिलंय ते सुटायच्या आधीचं. गाडी सरळ रुळावर येऊन थांबते. मग किंचित मागे सरकते, कारण खालच्या केबलला जोडलेला आकडा तिला पकडतो. पुढ्यातल्या रुळात ब्रेकची पाती उभी असतात, ती खटाखट खाली जातात. हा आवाज आला की समजायचं, आता कोणाचं काही चालणार नाही. डोकं मागे टेकवायचं, हात खाली. आणि नंतर काहीच होत नाही. दोन क्षण, चार क्षण, नेमकं किती ते कधीच ओळखता यायचं नाही. शेजारचा ‘अरे, बंद पडली की का...’ एवढं म्हणेपर्यंत त्याचं पुढचं वाक्य मागेच राहिलेलं असायचं.

साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजाऐवजी वाराच आत जातो. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत पोचतं. मग एकदम आभाळाकडे तोंड. माथ्यावर गाडी मंदावते, तेवढ्यात खाली नुसतं हिरवं रान दिसतं, आणि मग पीळ घेत सरळ खाली. पुढे 129 फुटांचा एक उंचवटा, त्यावर खुर्चीतून उचलले जातो, आणि संपलं. सगळं मिळून 28 सेकंद.

आमच्यातला नागपूरचा मित्र अखंड बडबडणारा. उतरल्यावर गडी एकदम गप्प. लॉकरमधून चष्मा काढला, पुसला, घातला, पाणी प्यायला. आम्हाला वाटलं, याला आता घरी न्यावं. तर म्हणतो, ‘बे, रांग कमी दिसून रायली, चला ना.’

प्लेन्सबरोचा बाबा

वर ‘एकदम आभाळाकडे तोंड’ वगैरे वाचलं, पण आमच्या घरात किंग्डा का आधी कागदावर आला. या पार्कमध्ये शाळांसाठी फिजिक्स डे असतो. मुलीच्या वर्गाची सहल ठरली आणि आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर ताटं बाजूला सारून गणित सुरू झालं.

ताशी 128 मैल म्हणजे सेकंदाला 57 मीटर. हवा, घर्षण सगळं विसरलं तर एवढ्या वेगाने निघालेली वस्तू साधारण 166 मीटर वर जाईल. मनोरा 139 मीटर. म्हणजे हातात शिल्लक फक्त 27 मीटरची. त्यातच वारा, चाकांचं घर्षण आणि माथा ओलांडायला लागणारा थोडा वेग हे सगळं भागवायचं. लेक म्हणाली, ‘बाबा, हे फारच काठावरचं आहे.’ काठावरचंच होतं. समोरून वारा असेल किंवा जोर जरासा कमी पडला, तर गाडी माथ्याशी जाऊन मागे येणार. रोलबॅक म्हणतात तो हाच. त्यात बिघाड वगैरे काही नव्हता, तसं होणार हे धरूनच रचना केलेली होती. गाडी सुटून गेली की ती ब्रेकची पाती परत वर यायची आणि मागे आलेल्या गाडीला चुंबकाच्या जोरावर थांबवायची. त्या ब्रेकला वीज लागत नाही. धातूच्या पात्यांजवळून चुंबक वेगाने गेला की रोध आपोआप तयार होतो.

ढकलणारी यंत्रणा हायड्रॉलिक होती. दाबलेल्या नायट्रोजनने तेल ढकलायचं, तेलाने मोटरी फिरवायच्या, मोटरींनी प्रचंड रहाटावर केबल गुंडाळायची. ऐन जोराच्या क्षणी 20,800 अश्वशक्ती. ज्यांनी कारखान्यात हायड्रॉलिक्सवर काम केलंय त्यांना हे वाचूनच देखभालीचा अंदाज येईल. इतक्या दाबाखाली दिवसभर, दर थोड्या वेळाने तेच ते काम. नवे कोस्टर आता चुंबकी मोटरीने ढकलतात. ओहायोतल्या सिडार पॉइंटचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर, म्हणजे याचा 420 फुटी थोरला भाऊ, त्याचंही 2024 मध्ये तसंच रूपांतर केलं. मला विचाराल तर याचं वय त्या तेलाच्या यंत्रणेनेच ठरवलं होतं. भावना बाजूला ठेवून सांगतोय.

मुलगी सहलीहून आली ती गणिताचा कागद कुठेतरी हरवून. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर म्हणाली, ‘27 मीटर पुरले.’

कोथरूडच्या काकू

जर्सीवाला, पिशव्या सांभाळणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते. मी एकदाही बसले नाही. पण माझ्याइतका तो कोस्टर निवांत कोणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. लेकीकडे गेले की नातवंडांबरोबर जाणं व्हायचंच, आणि गुडघे असे, की दिवसभर चालणं शक्य नाही. मग मला त्या सुटायच्या सरळ रुळाजवळ बाकावर बसवून मंडळी पसार. माझ्या मांडीवर दोन पर्सा, जावयाचा चष्मा, तीन फोन, आणि कोणाची तरी टोपी.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. तेव्हा दुपारी हातावर शिक्का मारून सगळे बाहेर पार्किंगमध्ये. डिकी उघडायची, तिखटमिठाच्या पुऱ्या, दह्याचा डबा, कैरीचं लोणचं. आजूबाजूला आणखी दोनतीन डिक्या उघड्या असायच्या, त्यातून ठेपल्यांचा वास यायचा. गुजराती मंडळी आपल्याहून हुशार, ती घडीच्या खुर्च्या घेऊन यायची.

तर त्या बाकावरून काय दिसायचं ते सांगते. लोक मनोऱ्याकडे बघतात, मी सुटायच्या आधीचे चेहरे बघायचे. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत एकतरी तरुण मुलगा असायचा जो मैत्रिणीला हसून दाखवत असायचा, आणि त्याचे हात बघावेत तर पट्टा घट्ट धरून पांढरे पडलेले. बायका उघडपणे घाबरायच्या, देवाचं नाव घ्यायच्या, मोकळ्या व्हायच्या. एकदा एक साठीचे गृहस्थ एकटेच बसलेले पाहिले. चेहऱ्यावर काही नाही, बसमध्ये बसावं तसे. परत आले तेव्हाही तसेच. मग पुन्हा रांगेत दिसले. आमच्या नातवाला मी म्हटलं, धीट म्हणायचं तर यांना.

2014 मध्ये त्याच मनोऱ्याला झुमांजारो लावला. लोकांना सरळ वर न्यायचे आणि 415 फुटांवरून सोडून द्यायचे. तो मात्र मला बघवायचा नाही. वर थांबवून ठेवतात तेव्हा माझ्याच पोटात गोळा यायचा. मनोऱ्याबरोबर तोही गेला.

बाकावर शेजारी तिकडच्या एक आजी असायच्या, म्हणजे एकदाच भेटल्या, पण दुपारभर होतो एकत्र. त्यांच्याही मांडीवर तेवढंच सामान. माझं इंग्रजी बेताचं, त्यांना ऐकू कमी. दर गाडी सुटली की त्या अंगठा वर करून विचारायच्या, जाईल का पलीकडे? मी मान हलवायचे. गेली की दोघी टाळ्या वाजवायचो. बक्षीस म्हणून त्यांनी मला त्यांच्याकडचं खारं प्रेट्झेल दिलं. मी पर्समधली आवळासुपारी दिली. त्यांनी तोंडात टाकली आणि तो चेहरा मात्र किंग्डा कावर बसलेल्या कोणाचाही झाला नव्हता.

रोलबॅकवाला

नमस्कार पोचला. मला मिळालाय. ऑक्टोबरची गार सकाळ, गाडीत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. वर जातानाच जाणवलं की जोर ओसरतोय. माथ्याच्या जरा खाली गाडी चक्क थांबली. खरोखर थांबली. नाकासमोर आकाश, पाठीवर सगळं वजन, आणि पूर्ण शांतता. मागून कोणीतरी हळूच ‘येस!’ म्हणालं. मग उलटे खाली. पुढे काय आहे ते दिसत नसल्यामुळे हे सुलट्यापेक्षा जास्त भारी होतं. ब्रेकने अलगद धरलं, खालच्या रांगेने आमचं स्वागत असं केलं की जणू वर्ल्ड कप आणलाय. थोड्या वेळाने परत सोडलं, ते गेलो पलीकडे. कोस्टरवाले लोक यासाठी वर्षानुवर्षं झुरतात आणि मी तर त्या दिवशी मेहुण्याच्या आग्रहाने गेलो होतो. मेहुणा बाथरूमला गेल्यामुळे मागच्या गाडीत बसला. आजही विषय काढला की जेवणावरून उठतो.

एल टोरोचा भक्त

सगळ्यांच्या भावनांचा आदर आहे, पण जरा स्पष्ट बोलू का? 28 सेकंदांसाठी एवढी रांग लावणं मला कधी पटलं नाही. त्याच पार्कात 2006 पासून एल टोरो उभा आहे, लाकडी. खाली उतरताना खुर्चीत टेकूच देत नाही. नायट्रो आहे, 230 फुटी, तब्येतीत चालणारा. किंग्डा का म्हणजे एकच कडक तान आणि मैफल खलास. विक्रम होता म्हणून लोक गेले. पडला त्याचं वाईट वाटलं, पण एल टोरोला हात लावला तर मी उपोषणाला बसेन.

पिस्कॅटवेची आई

आमच्याकडे फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. किंग्डा कासाठी 54 इंच लागायचे. मोठा लेक बसून आल्यापासून धाकट्याचा ध्यास एकच. दूध पिणं, दाराच्या चौकटीला लोंबकळणं, केस उभे करून मापाला उभं राहणं, सगळे प्रकार झाले. 2024 च्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा मापाच्या पट्टीला केस लागले, डोकं नाही. तिथला मुलगा फार गोड होता, गुडघ्यावर बसून म्हणाला, पुढच्या वर्षी तुझी वाट बघतो. तेव्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं.

नोव्हेंबरात बातमी आली. मी त्याला दोन दिवस सांगितलं नाही, शाळेतच कळलं. रडला नाही. भिंतीशी जाऊन स्वतःच पेन्सिलीने माप घेतलं, वहीच्या कोपऱ्याने काटकोन धरून वगैरे. 54 ला पाव इंच कमी. मग म्हणाला, ‘म्हणजे तसंही नसतंच घेतलं.’ हे त्याचं समाधान की माझी समजूत काढणं, मला अजून कळलेलं नाही. मोठा मात्र तेव्हापासून त्याच्यासमोर किंग्डा काचं नाव काढत नाही. या दोघांत एरवी रिमोटवरून मारामाऱ्या होतात.

195 वरून

मी कधीच आत गेलो नाही. 195 हायवेने समुद्रावर जाताना किंवा 537 नंबरच्या रस्त्यावरच्या आउटलेट्सना खरेदीला जाताना झाडांवरून तो हिरवट कमान काढलेला मनोरा दिसायचा. मुलं त्यावरून ‘आलं, आलं’ करायची. आता एक्झिट 16 ची पाटी बघावी लागते.

कोथरूडच्या काकू

पिस्कॅटवेच्या ताई, धाकट्याला सांगा, एक आजी म्हणत होत्या की इतकं नेमकं माप घेणाऱ्याला पुढे इंजिनिअरिंगला घालू नका, शिंपीकाम शिकवा, तिथे खरी गरज आहे. माझे ब्लाऊज बघा म्हणावं.

आणि रोलबॅकवाले, तुमच्या मेहुण्यांना माझ्याकडून एक विचारा. बाथरूमला जाताना पिशव्या कोणाकडे दिल्या होत्या?

रोलबॅकवाला

काकू, माझ्याकडे. तरीही मी आधीच्या गाडीत. सासूबाई शेजारच्या बाकावर होत्या, त्यांच्या हातात दिल्या आणि पळालो. हे मेहुण्याला माहीत नाही, कृपया हा धागा त्याला पाठवू नका.

पिस्कॅटवेची आई

काकू, वाचून दाखवलं. शिंपीकामाला नकार आहे. एल टोरोचे भक्त, तुम्ही पुढच्या मोसमात नेमके कधी जाताय? दोघांना घेऊन यायचं म्हणते. पुऱ्या माझ्याकडून, घडीच्या खुर्च्या तुम्ही आणा.