पहिल्या फेरीतील शेवटच्या निवडींना चिल्लर म्हणू नये

सांगलीकर:
‘एनबीए ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील शेवटच्या दहा निवडी म्हणजे चिल्लर, त्या देऊन तयार खेळाडू घ्यावा,’ हे ‘तिसरा पास’ यांचे विधान वाचून राहवले नाही. (एनबीए ही अमेरिकेतील बास्केटबॉल लीग; ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडणे. ‘निवड’ म्हणजे तो हक्क, आणि तो संघ एकमेकांना देऊ शकतात.) पुढे नावारूपाला आलेले खेळाडू पाहा: टोनी पार्कर २००१ मध्ये २८वा निवडला गेला, जिमी बटलर २०११ मध्ये ३०वा, रूडी गोबेअर २०१३ मध्ये २७वा. शिवाय अशा खेळाडूचा पगार चार वर्षे ठरलेल्या श्रेणीत राहतो आणि शेवटची दोन वर्षे त्याला ठेवायचे की नाही हा निर्णय संघाच्याच हाती असतो. बड्या पगारांखाली वाकलेल्या संघाला याहून स्वस्त माणूस कोठे मिळणार?

तिसरा पास:
आपण मोती दाखवता आणि रिकामे शिंपले झाकून ठेवता. बॉस्टनच्या संघाने २०२२ मध्ये पहिल्या फेरीची निवड आणि काही खेळाडू देऊन सॅन अँटोनियोच्या संघाकडून डेरिक व्हाइटला घेतले. ती निवड २५वी ठरली, तीतून आलेला ब्लेक वेस्ली तेथे स्थिरावला नाही आणि व्हाइट २०२४ च्या विजेतेपदाचा आधारस्तंभ झाला.

वाळवंटातून:
मी फिनिक्सला राहतो. ‘चिल्लर’ हा शब्द मला सहन होत नाही. २००६ च्या ड्राफ्टच्या संध्याकाळी मी मांडीवर ताट घेऊन बसलो होतो. २१व्या क्रमांकावर आमच्या संघाने रॅजॉन राँडोचे नाव घेतले, तेव्हा संघाचा सूत्रधार असलेल्या बत्तिशीतल्या स्टीव्ह नॅशला वारसदार मिळाला म्हणून मुलाने टाळ्या वाजवल्या. त्याच रात्री राँडो बॉस्टनला दिला गेला. बदल्यात आलेली निवड पुढच्या वर्षी २४वी ठरली. तीवर रूडी फर्नांडिसला घेतले आणि तोही रोख रकमेसाठी पोर्टलंडला देऊन टाकला! २००८ मध्ये राँडो विजेत्या बॉस्टनच्या, सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत होता. आपल्यासारख्यांच्या हिशेबानेच आमची माती झाली.

तिसरा पास:
आवाज चढवू नका. मी तयार खेळाडू घ्या म्हणालो, पैसे घ्या असे कोठेही लिहिलेले नाही. मालकांचा लोभ माझ्या माथी मारू नये.

सांगलीकर:
मालकांचे राहू द्या. आपला व्हाइट स्वतः २०१७ चा २९वा होता, हे आपण का गाळले? सॅन अँटोनियोने ती निवड विकली असती, तर बॉस्टनने घेतले कोणाला असते?

तिसरा पास:
ते लिहायला हवे होते, एवढे मान्य करतो. ‘चिल्लर’ हा शब्दही मागे घेतो. परंतु व्हाइटला घडवायला सॅन अँटोनियोने साडेचार वर्षे दिली. विजेतेपदाच्या उंबरठ्यावरील संघाकडे तेवढी वर्षे नसतात, हे म्हणणे मी सोडणार नाही.