विषय: भाच्याला घर सोडावं लागतंय, भाड्याला सरकारी मदत मिळेल का?

(समन्वयकांकडून: एका सभासद ताईंची मेल त्यांच्याच विनंतीवरून नाव काढून पाठवत आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया यादीवरच उत्तर द्यावं.)

नमस्कार मंडळी,

माझा भाचा २२ वर्षांचा आहे. इथेच जन्मला, ब्रिटिश नागरिक. वडिलांशी अजिबात पटत नाही आणि आता त्यांनी महिनाअखेरीस घर सोडायला सांगितलंय. तसाही तो अधूनमधून मित्रांकडे सोफ्यावरच झोपतो. गोदामात काम करतो, पण तासांची हमी नाही; एखाद्या आठवड्यात भरपूर शिफ्ट, एखाद्यात जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडे सासूसासरे आलेत, त्यामुळे ठेवून घ्यायला जागा नाही. फार काळजी वाटते. कुठे जायचं, काय मागायचं?

– रेडिंगहून

---

ताई,

मी काही वर्षं एका कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) हाउसिंग विभागात होते, म्हणून लगेच लिहितेय.

महिनाअखेरची वाट बघू नका. इंग्लंडमध्ये २०१७ चा होमलेसनेस रिडक्शन ॲक्ट (लोक बेघर होऊ नयेत म्हणून केलेला कायदा) एप्रिल २०१८ पासून लागू आहे. ५६ दिवसांच्या आत डोक्यावरचं छप्पर जाणार असेल, तर ते वाचवायला किंवा दुसरी जागा शोधायला मदत करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, आणि काय करणार ते लेखी द्यावं लागतं. त्याचं घर ज्या कौन्सिलच्या हद्दीत आहे, तिथेच अर्ज करा.

रस्त्यावर झोपायची वेळ आली तरच बेघर, असं नाही. मित्राच्या सोफ्यावर राहण्याचा हक्क नसतो, म्हणून तसा राहणाराही कायद्याने बेघरच. पण आपली मुलं काउंटरवर संकोचाने नुसतं ‘सध्या मित्राकडे आहे’ म्हणतात, आणि समोरचा लिहून घेतो की राहायची सोय आहे. असं मी खूपदा पाहिलंय. म्हणून कोणत्या रात्री कुठे झोपला, कुणी कधी निघायला सांगितलं, हे तारीखवार कागदावर लिहून न्यायला सांगा. वडिलांकडून, नाहीतर आईकडून, घर सोडायच्या तारखेचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर उत्तमच. कौन्सिल घरी फोन करून खात्री करतं, कधी कधी मध्यस्थीही करतं.

मात्र लगेच फ्लॅट मिळेल, ही आशा ठेवू नका. तात्पुरती जागा द्यायची कौन्सिलवर सक्ती असते ती १६-१७ वर्षांच्या मुलांसाठी, सरकारी देखभालीत वाढलेल्या १८ ते २० वयाच्यांसाठी, गरोदर मुलींसाठी, घरच्या हिंसाचारामुळे बाहेर पडलेल्यांसाठी वगैरे. घरात मारहाण होत असेल तर तो ते स्पष्ट सांगू दे, लपवू नये.

भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिटमधून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यातून, मिळते. खाजगी घरात एकट्या राहणाऱ्या ३५ च्या आतल्या भाडेकरूला ती वाटून राहायच्या घरातल्या एका खोलीच्या दरापुरतीच असते. देखभालीतून बाहेर पडलेल्यांना २५ पर्यंत आणि बेघरांच्या हॉस्टेलमध्ये तीन महिने काढलेल्यांना यातून सूट आहे. नोकरी असली तरी अर्ज करता येतो. हातात आलेल्या पगाराच्या दर पौंडामागे या भत्त्यातून ५५ पेन्स कापले जातात, म्हणजे शिफ्ट कमी तेव्हा मदत जास्त. पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात. आगाऊ रक्कम मागता येते, पण ती पुढच्या हप्त्यांतून वळती होते. खोलीचं डिपॉझिट नियमाने पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. त्यासाठी कौन्सिलकडे मदत मागाच.

– हॅरो

---

सर्वांना नमस्कार,

घरातलं भांडण सरकारी दारात नेणं मनाला पटत नाही. मंडळातल्या चार वडीलधाऱ्यांनी बसून समेट घडवावा. दुसरं, माझा पुतण्या विद्यार्थी व्हिसावर आलाय. त्याच्यासारख्यांना हे लागू होतं का?

– मिल्टन कीन्स

---

काका,

समेट जरूर करा, झाला तर मलाही आनंदच आहे. पण तो होईपर्यंत पोरानं रात्री पाठ कुठे टेकायची? शुक्रवारी ऑफिस बंद होता होता बॅग घेऊन आलेली मुलं मी पाहिलीत. तीच मुलं महिनाभर आधी आली असती, तर हाताशी कितीतरी मार्ग होते. लोक काय म्हणतील म्हणून घरच्यांनीच थांबवून ठेवलेलं असायचं. त्या थांबण्याची किंमत मुलांनी मोजली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुतण्याने मात्र युनिव्हर्सल क्रेडिट किंवा कौन्सिलच्या घरासाठी अर्ज करू नये. विद्यार्थी व्हिसावर सार्वजनिक निधी घ्यायला मनाई असते, अटीचा भंग झाला तर व्हिसाच धोक्यात येतो. कौन्सिलचा सल्ला मोफत असतो, तो कुणीही घ्यावा. पैशांसाठी युनिव्हर्सिटीच्या हार्डशिप फंडाची (अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मदतनिधीची) चौकशी करा.

– हॅरो

---

मंडळी, मनापासून आभार. भाच्याने ऑनलाइन अर्ज भरला, बहिणीने तारखेचं पत्र दिलं, गुरुवारी अधिकारी फोन करणार आहेत.

एक विनंती. खोल्या भाड्याने देणारे आपल्यातही बरेच जण आहेत. सरकारी भत्ता घेतो एवढ्याच कारणावरून भाडेकरूला सरसकट नकार देणं बेकायदा आहे, असा निकाल यॉर्कच्या कोर्टाने २०२० मध्ये दिलाय. रेडिंगमध्ये टाइलहर्स्ट किंवा अर्लीकडे कुणाची खोली रिकामी होत असेल, तर भाडं आणि बसमार्ग समन्वयकांना कळवा, ते माझ्यापर्यंत पोचवतील. मुलगा शाकाहारी आहे, सिगारेट ओढत नाही, आणि रात्रपाळी असली की पहाटे घरी येतो, तेवढं चालायला हवं.

– रेडिंगहून